मधली हवा

पुणे
नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार

प्रिय सुदेश,

“पृथयेक दोष लावच्या आदी मधल्या हवेक इचार गो.” पंचवीस वर्षांपूर्वी, एप्रिलातल्या एका सकाळी, देवबागच्या वाळूत पालथ्या होडीच्या सावलीला बसून तू मला हे म्हणाला होतास. आपण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला पृथ्वी मोजायची हौस आली होती. मामाची जुनी दुर्बीण घेऊन मी चार दिवस निवतीसमोरच्या दीपगृहाच्या खडकाकडे बघत बसले होते. खडक किती लांब ते नकाशावरून माहीत. पृथ्वी गोल, म्हणजे त्याचा पायथा पाण्याच्या रेषेखाली थोडा दडायलाच हवा. किती दडतो ते मोजलं की पृथ्वी केवढी ते निघतं. पण पायथा हवा तेवढा दडेचना. त्याच्यावर फुटणारा फेससुद्धा दिसत होता. माझ्या गणितात पृथ्वी पुस्तकातल्यापेक्षा दुप्पट मोठी आली, आणि मी ‘नकाशा चुकीचा असावा, कदाचित पुस्तकही’ अशी चार पानं लिहून तुझ्यापुढे धरली. तू सगळी वाचलीस. हसला नाहीस. ते एक वाक्य म्हणालास आणि मग एक तळहात दुसऱ्यावर धरून दाखवलंस की जमिनीवर तापलेला वारा थंड पाण्यावर पसरला की त्या दोन थरांमधून येणारा उजेड वाकतो, आणि जे पाण्याआड असतं ते उचलल्यासारखं दिसतं. तुमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला, वर्गात पहिल्या येणारीला, नव्हतं.

ते वाक्य या वर्षी पुन्हा माझ्या कामी आलं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू “बरां, बघूया” म्हणतोस, आणि तुझं ‘बघूया’ म्हणजे ‘नाही’ हे कळायला मला वीस वर्षं लागली. शिवाय मला तुझे आभार मानायचे आहेत, आणि आभार मानायला लागलं की तू विषय सुरमईच्या भावावर नेतोस. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही. चहा घेऊन बस. सारिकाला पत्र वाचायचं असेल तर वाचू दे, तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. उलट तिची एक चूक मला तिच्या वतीने कबूल करायची आहे, पण ती पुढे.

जानेवारीत मी आईच्या वर्षश्राद्धासाठी आले होते, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती काही फार चांगली नव्हती. माझ्या हातात तेव्हा एक मोठी बातमी होती. तीन आठवड्यांनी आमची संस्था ती जाहीर करणार होती, पत्रकारांना पाठवायचा मजकूर तयार होता, माझा फोटोसुद्धा काढून झाला होता. आणि मला ती बातमी सगळ्यांच्या आधी तुला सांगायची होती. तुझा आनंद बघायला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर तुला दाखवायला आले होते. तू ज्या वाटेने आला नाहीस ती वाट कुठपर्यंत गेली, ते दाखवायला. हे लिहिताना लाज वाटते, पण न लिहिता पुढचं लिहिता येणार नाही.

तू तेव्हा वाळूत उभा होतास, कपाळावर हात आडवा धरून, तुझे वडील, आपले दाजी, उभे राहायचे अगदी तसाच. रापणीचं जाळं नुकतंच होडीतून समुद्रात फिरवून झालं होतं, दोन्हीकडच्या रशी किनाऱ्यावर आल्या होत्या, आणि आता तासभर तरी सावकाश ओढायचं होतं. तू मला म्हणालास, “सांग आता काय तां, मासळी येयसर वेळ आसा.” तेव्हा मी वाळूतली एक करवंटी उचलून पालथी ठेवली आणि तिच्यावर कोळशाने ठिपका काढला. तो माझा तारा.

सारिकासाठी, आणि तुझ्या मुलीने विचारलं तर तिच्यासाठी, ते इथे पुन्हा लिहिते. मेलेला तारा आहे तो. वजन सूर्याच्या दीडपट, आणि आकार एवढासा की मालवणात ठेवला तर कुडाळच्या अलीकडेच संपेल. सेकंदाला दोनशे गिरक्या घेतो. त्याच्या अंगावर एखाद-दुसरी जागा भयंकर तापलेली असते आणि तिथून क्ष-किरण निघतात. तारा फिरतो तसा ठिपका समोर येतो, मागे जातो, आणि अवकाशातल्या दुर्बिणीला उजेड वाढताना-कमी होताना दिसतो. पण ठिपका मागे गेला तरी पूर्ण विझत नाही. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण इतकं जबर असतं की ते मागचा उजेडही वाकवून आपल्याकडे आणतं. किती वाकवतं हे आइन्स्टाइनच्या गणितातून काढता येतं. पण गुरुत्वाकर्षणाची दुसरीही गणितं लोकांनी मांडली आहेत. त्यातलं एक म्हणतं की गुरुत्वाकर्षणाला एक लपलेलं भावंड आहे. आपल्या सूर्यापाशी ते झोपलेलं असतं, म्हणून कोणाला दिसत नाही; अशा दाट ताऱ्यापाशीच जागं होतं आणि उजेडाचं वाकणं थोडं बदलतं. आमच्या ताऱ्याच्या मागचा ठिपका आइन्स्टाइनच्या हिशेबापेक्षा अंधूक दिसत होता. म्हणजे उजेड कमी वाकत होता. म्हणजे ते भावंड जागं होतं. माझी विद्यार्थिनी आकांक्षा या एका अंधूकपणावर चार वर्षं बसली होती, तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता, आणि सप्टेंबरात तिची शिष्यवृत्ती संपणार होती.

हे सगळं मी तुला कसं सांगितलं ते मला चांगलं आठवतं, कारण वर्गात शिकवतात तसं सांगितलं. तू करवंटीकडे बघत होतास. मग तू वाकून तिच्यावर बोट टेकवलंस आणि विचारलंस, “हेका हवा आसा काय गो?” मी हसले. म्हटलं, आहे, पण किती, चार बोटं जाड. एवढ्या मोठ्या ओढीखाली हवा चेपून चार बोटांची झालेली असते. तू म्हणालास, “चार बोटां तर चार बोटां. ती काय करता?” मी म्हटलं, ती साध्या हायड्रोजनची धरली आहे, सगळेच तशी धरतात. तू मान वर केलीस. “धरली म्हणजे? इचारलंस कोणाक?” मग सूर्याकडे बोट दाखवलंस. “दुपारच्या ह्येच्याकडे बघूक गावता? नाय मा? आणि सांजेच्याकडे? सांजेचो तिरपो येता, हवा जास्त लागता, म्हणान डोळे दिपनत नाय. तुझो मागचो ठिपको तिरपोच येतलो मा गो?” तेवढ्यात रशीवरच्या बायकांमधून कोणीतरी, रापणीच्या म्होरक्याला मारतात तशी हाक मारत, ओरडलं, “तांडेलानु, शाळा सुटली काय? जाळां थंयच उभा आसा!” आणि तू हसत पाण्याकडे धावलास. मी तिथेच बसून राहिले. माझ्या पायाखालची वाळू लाट परत जाताना सरकते ना, तशी सरकली होती.

कारण मागचा ठिपका तिरपाच येतो, सुदेश. त्याचा उजेड ताऱ्याच्या अंगाला जवळजवळ घासून बाहेर पडतो, तेव्हाच वाकून आपल्यापर्यंत पोचू शकतो. ती चार बोटं हवा जर तिरपा उजेड आम्ही धरला त्याहून जास्त अडवत असेल, तर मागचा ठिपका अंधूक दिसणारच. त्यासाठी कुठलंही भावंड जागं व्हायची गरज नाही. ही शंका घेणारे पेपर मी वाचलेले होते. स्वतः एकावर टीकाही केली होती. पण उत्तर इतकं सुंदर आलं होतं की मी हवेला विचारलंच नव्हतं. वीस वर्षांची असताना नकाशाला दोष दिला, पंचेचाळिसाव्या वर्षी आइन्स्टाइनला. प्रगती म्हणायची ती एवढीच.

परतताना मी कुडाळच्या स्टेशनवरूनच आकांक्षाला फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, तीन आठवडे उरलेत.” मी म्हटलं, म्हणूनच. वेगळ्या वायूची हवा घेतली, वेगळ्या तऱ्हेने तापलेली घेतली, आणि पुन्हा मोजायला लागलो. नवव्या दिवशी आमची मोठी बातमी निम्म्यावर आली. चौदाव्या दिवशी ती नव्हतीच. मी संचालकांच्या खोलीत जाऊन घोषणा मागे घ्यायला सांगितली. ते चांगले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी त्यांनी मला बसा म्हटलं नाही. आकांक्षा एक दिवस प्रयोगशाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले, पण डब्यात दोघींसाठी थालीपीठ घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, जाहीर झाल्यावर दुसऱ्या कोणी ही चूक काढली असती तर?” तिच्या वयाच्या मुलीच्या नावापुढे असा डाग लागला की तो धुवायला दहा वर्षं जातात. माझंही जे काय उरलंय ते गेलं असतं. तू आम्हा दोघींना त्यातून काढलंस, आणि तुला त्या दिवशी किती मासळी लागली हे सोडून दुसरं काही आठवतही नसेल.

पण आम्ही मोकळ्या झालो नव्हतो. उलट जास्तच अडकलो होतो. हवा हवी तशी बदलता येते म्हटल्यावर हवं ते उत्तर काढता येतं. अंधूकपणा हवेचा की गुरुत्वाचा, हे ठरवायचं कसं? त्या प्रश्नावर फेब्रुवारी गेला, आणि इथे सारिकाची चूक येते.

त्या दिवशी तू जाळ्यापाशी होतास तेव्हा तिने मला जेवायला घरी नेलं. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. जेवण झाल्यावर तिने फळीवरून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली, निळ्या पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेली. म्हणाली, “ह्या बघ विनीता, माझी सवत. पंचवीस वर्षां त्या खडकाकडे बघतत. माझ्याकडे कदी येवढ्यांदा बघूक नाय.” आणि खदखदून हसली. मी उघडली. पहिली तारीख आपल्या त्या एप्रिलातली होती. मग पुढे, वर्षामागून वर्षं, तुझं ते बारीक तिरपं अक्षर. वारा कुठला, हवा गरम की गार, पाणी कसं, आणि खडक: ‘उचललो’, ‘बसलो’, ‘अधांतरी’, ‘पायथो दिसलो दोन बोटां’. पावसाळ्याचे महिने कोरे. सारिका बाळंत झाली तो दिवस आहे, त्यातही खडक आहे. दाजी गेले त्या दिवशी फक्त तारीख आहे. मी तिला न विचारता फोनने पानांचे फोटो काढले. तिने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. तिला रागावू नकोस. मलाही रागावायचं असेल तर हे पत्र संपल्यावर.

फेब्रुवारीच्या शेवटी, काहीच सुचेना तेव्हा, मी ते फोटो मोठे करून आकांक्षाला दाखवले. मालवणी नोंदी वाचून दाखवल्या. ती पुण्याची पोर, तिला ‘अधांतरी’ सोडून काही कळलं नाही. पण तिने एक गोष्ट माझ्या आधी पाहिली. तू पानाच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारली होतीस आणि वर लिहिलं होतंस, ‘रोज बदलता तां हवेचा. बदलना नाय तां पृथयेचा.’ तिने मला अर्थ विचारला, मी सांगितला, आणि ती खुर्चीतून उठलीच. आमच्या ताऱ्याला असे वेगवेगळे दिवस नाहीत. पण क्ष-किरणांनाही रंग असतात असं समज, कमी ऊर्जेचे, जास्त ऊर्जेचे. गुरुत्वाकर्षण सगळ्या रंगांना सारखंच वाकवतं. हवा मात्र रंग बघून वागते. म्हणजे तुझ्या वहीत जसे दिवस, तसे आमच्याकडे रंग. रंगागणिक बदलतं ते हवेचं, बदलत नाही ते गुरुत्वाचं. आम्ही रंग वेगळे करून मोजलं. अंधूकपणा रंगागणिक बदलत होता. सगळाच्या सगळा. तो हवेचाच होता.

ते भावंड सापडलं नाही. पण हवा बाजूला काढता आल्यामुळे आता एवढं ठामपणे सांगता येतं की ते असलंच तर किती लहान असायला हवं. इतकी लहान मर्यादा अशा ताऱ्यावरून आमच्या माहितीत कोणी घातलेली नव्हती. आकांक्षाचा प्रबंध उभा राहिला, नाव बदलून. जुलैत तिने तो दिला. यावर आम्ही लिहिलेला पेपर वर्तमानपत्रात येणार नाही, माझा फोटो कपाटात पडून आहे, आणि गेली कित्येक वर्षं मला इतकी शांत झोप लागली नव्हती.

वहीचं शेवटचं पान मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आकांक्षाला ते दाखवलं नाही. त्यावर सगळ्या शांत हवेच्या दिवसांची बेरीज आहे, आणि खाली एक आकडा. पृथ्वीची त्रिज्या. पुस्तकातल्या आकड्यापासून शंभरात दोनचाही फरक नाही. आणि त्याच्यापुढे तुझे दोनच शब्द: ‘बरां जुळला.’ तारीख अकरा वर्षांपूर्वीची; आधीच्या पानांवरच्या नोंदी मात्र त्यानंतरही चालूच. म्हणजे मी जे गणित चुकवून वाळूत टाकून आले होते, ते तू उचललंस, चौदा वर्षं सांभाळलंस, सोडवलंस, आणि कोणाला सांगितलं नाहीस. मला पण नाही. मी तुला दाखवायला आले होते ना, की ती वाट कुठवर गेली!

मालवणचा एस.टी. स्टँड आठवतो, मी विद्यापीठाला निघाले त्या दिवशीचा? माझी पत्र्याची ट्रंक तूच टपावर चढवलीस. तुझी ट्रंक कुठे आहे हे मी विचारलं नाही, कारण दिसत होतं. त्याच्या पंधरा दिवस आधी दाजींना काचबिंदू निघाला होता. ज्या डोळ्यांवर चाळीस घरांची रापण चालायची ते डोळे गेले होते, आणि पाण्याचा रंग वाचणारं दुसरं कोणी तयार नव्हतं. तू म्हणालास, “पुढच्या वर्षी येतंय.” मी खिडकीतून मान हलवली. त्या वर्षी मी तुझी वाट बघितली, पुढच्या वर्षी बघितली, आणि नंतर वाट बघणं राहून त्याच्या जागी राग आला. तुझ्या लग्नाला आले नाही ते परीक्षेमुळे नव्हतं. मी लग्न केलं नाही त्याला मात्र तू कारण नाहीस, हे एकदा लिहून ठेवते. मला एकटं राहणं जमलं आणि आवडलं. राग मात्र तुझाच होता. मला वाटायचं, तू मला एकटीला पाठवलंस. आज वाटतं, तू मागे राहून किनारा धरलास. रशीचं एक टोक किनाऱ्यावर कोणी धरल्याशिवाय जाळं समुद्रात नेता येत नाही, हे मी लहानपणापासून बघत होते. स्वतःच्या बाबतीत दिसायला इतकी वर्षं लागली. त्याबद्दल थँक्यू म्हणणं फार तोकडं आहे. पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आता दाजींची एक गोष्ट. तू तेव्हा रशीच्या दुसऱ्या टोकाला होतास, तुला माहीत नसेल. कॉलेजला जाताना एकदा मी सहज रापणीच्या रशीला हात लावला, पाच मिनिटं ओढली असेल नसेल. जाळं वर आल्यावर वाटे पडले आणि दाजींनी चार बांगडे माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, मी काय केलंय? दाजी म्हणाले, “तू काय केलंस तां दर्यो इचारणा नाय. रशयेक हात लागलो मा? मगे वाटो घेवचोच लागतलो. नाय घेतलंस तर जाळां रुसता.” मी ते बांगडे प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या कव्हरात गुंडाळून नेले. पुढे महिनाभर त्या जर्नलला वास येत होता आणि सर ती तपासताना हात लांब धरायचे.

पुढच्या सोमवारी आमचा पेपर छापायला पाठवायचा आहे. त्यावर मी तीन नावं लिहिली आहेत. आधी आकांक्षा, मग तू, मग मी. नावाखाली संस्थेचं नाव द्यावं लागतं. आकांक्षाने विचारलं, सुदेश सरांचं काय लिहू? मी लिहायला सांगितलं: दाजींची रापण, देवबाग, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. वहीची गोष्ट आत दोन परिच्छेदांत आली आहे, तुझ्या उभ्या रेघेसकट. पण तुझ्या होकाराशिवाय यातलं काही छापलं जाणार नाही. पेपर छापणाऱ्या नियतकालिकाकडून तुला एक ईमेल येईल, तुझ्या मुलीच्या फोनवर, कारण तुझा पत्ता म्हणून मी तोच दिलाय. त्यात एकच प्रश्न असेल, या कामात तुमचा हात होता का. तू काय म्हणणार ते मी इथून ऐकू शकते. “मी काय केलंय?” म्हणशील. गावात हसतील म्हणशील. मग ‘बघूया’ म्हणशील. आपल्या दोघांची नावं एका कागदावर शेवटची आली ती विद्यापीठाच्या प्रवेशाच्या यादीत, आणि त्यातलं एक तू स्वतः जाऊन काढून टाकलंस, हेही मला नंतर कळलं होतं. म्हणून तू नाही म्हणणार हे ठाऊक असून मागते. तुझा हात रशीला लागलाय, सुदेश. त्या ईमेलला ‘हो’ म्हण.

तुझीच,
विनी